माले कोनी इचारं?

डिफॉल्ट हा शब्द काकांना माझ्याआधीपासून माहीत आहे. अमळनेरच्या बाजारपेठेत त्यांचं कृषी केंद्र आहे. या धंद्यात बँकेचा डिफॉल्टर कोण, सोसायटीचा थकबाकीदार कोण, याची यादी डोक्यात घेऊनच सकाळी शटर वर करावं लागतं. त्यामुळे भाद्रपदातल्या एका दुपारी, दुकानातल्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरसमोर बसून मी म्हणालो, "काका, हे डिफॉल्ट शेलमुळे झालं," तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "कोन बुडना रे भाऊ?"

बुडालं होतं ते त्यांचंच उधारीचं खातं. बुडवलं होतं मी.

झालं ते असं. दिवाळीनंतर महिनाभर मी घरून काम करत होतो. काकांचा कॉम्प्युटर जुना, रॅम दोन जीबी, चालू व्हायला लागला की चहा पिऊन यावं. मी त्यावर डेबियन लिनक्स टाकलं. मशीन पळायला लागलं आणि घरात माझा भाव वधारला. मग मी रोज रात्री साडेआठला आपोआप बॅकअप घेणारी बारा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली आहे का ते बघायचं, असेल तर खातं त्यावर कॉपी करायचं आणि डेस्कटॉपवरच्या फाइलमध्ये 'बॅकअप झाला' असं तारखेसह लिहायचं. नसेल तर 'डिस्क जोडलेली नाही' असं लिहायचं. ती ओळ वाचूनच काका शटर ओढायचे.

मी टेस्ट केली होती, हे सांगायलाच हवं. डिस्क लावून चालवली, कॉपी झाली. डिस्क काढून चालवली, 'जोडलेली नाही' आलं. दोन्ही बाजू तपासल्या म्हणून समाधानाने पुण्याला परत गेलो.

आखाजीला घर भरलं. पोरांपैकी कोणीतरी गाणी भरायला ती डिस्क काढली आणि कपाटात ठेवून दिली. कॉम्प्युटर त्यानंतरही रोज रात्री लिहीत राहिला, 'बॅकअप झाला'. मृग आला, पेरण्या झाल्या, बियाण्याची, खताची, फवारणीची सगळी उधारी त्या तीन-चार महिन्यांत चढली. पोळा झाला आणि आतली हार्ड डिस्क गेली. कपाटातली डिस्क लावून बघितली, तर त्यात खातं आखाजीपर्यंतचं. पुढचे सगळे बॅकअप त्याच मेलेल्या डिस्कवर, एका रिकाम्या फोल्डरमध्ये होत राहिले होते.

आता शेल. शेल म्हणजे आपण आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यामधला दुभाषा. आपण ओळ लिहितो, तो ती समजून घेऊन काम करवतो. असे दुभाषे अनेक आहेत. स्टीफन बॉर्न यांनी बेल लॅब्जमध्ये लिहिलेला शेल १९७९ साली युनिक्सबरोबर बाहेर पडला. त्याच्या घराण्यातला बॅश १९८९ साली ब्रायन फॉक्स यांनी लिहिला, आणि आज लिनक्स शिकणारा बहुतेक प्रत्येक जण तोच शिकतो. त्याच वर्षी केनेथ आल्मक्विस्ट यांनी छोटा, हलका असा ॲश लिहिला. डेबियनमध्ये येऊन त्याचा डॅश झाला. बॅश बोलका आहे, त्याला बऱ्याच सवलती, बऱ्याच बोली येतात. डॅशला फक्त प्रमाणभाषा येते, पण तो चटकन कामाला लागतो.

डेबियनमध्ये डिफॉल्ट शेल एक नाही, दोन आहेत. तुम्ही टर्मिनल उघडून समोर बसलात की बॅश येतो. मशीन चालू होताना किंवा रात्री साडेआठला कोणी नसताना ज्या स्क्रिप्ट चालतात, त्या वेगळं काही सांगितलं नसेल तर डॅश चालवतो. हजर माणसासाठी एक, गैरहजर माणसासाठी दुसरा. मी टेस्ट केली तेव्हा हजर होतो.

माझ्या स्क्रिप्टमध्ये डिस्क जोडली आहे का हे विचारणाऱ्या ओळीत &> अशी खूण होती. बॅशमध्ये तिचा अर्थ, जी काही बडबड होईल ती गिळून टाक आणि फक्त हो की नाही ते सांग. डॅशला ही बोली येत नाही. तो ती खूण दोन तुकड्यांत वाचतो. पहिल्या तुकड्याचा अर्थ, हे काम मागे चालू दे, उत्तराला थांबू नकोस. दुसऱ्याचा अर्थ, रिकाम्या हाताने पुढे जा. आणि रिकाम्या हाताने पुढे जाणं कधी फसत नाही, म्हणून उत्तर कायम 'हो'. डिस्क असो, नसो. लाल अक्षरांत एरर नाही, काही नाही. यात डॅशचं चुकलं असंही म्हणता येत नाही, कारण प्रमाणभाषेत त्या खुणेचा अर्थ खरोखरच तसा होतो. प्रत्येक जण नियमाने वागला आणि खातं गेलं.

मग डॅश डिफॉल्ट कोणी केला? उबुंटूने ऑक्टोबर २००६ मध्ये, ६.१० या आवृत्तीत. कारण साधं होतं, मशीन चालू होताना शेकडो छोट्या स्क्रिप्ट चालतात, त्या लवकर उरकाव्यात. लोकांच्या स्क्रिप्ट मोडल्या, आरडाओरडा झाला. उत्तर मिळालं की तुम्ही बॅशची बोली लिहून वर प्रमाणभाषेची पाटी लावली होती, चूक तुमची. डेबियनने हाच बदल फेब्रुवारी २०११ मध्ये, ६.० या आवृत्तीत केला. मधली वर्षं त्यांनी स्वतःच्या हजारो पॅकेजमधल्या स्क्रिप्ट तपासल्या, बॅशची बोली शोधून काढणारं एक हत्यारच वापरलं, सापडेल ती चूक संबंधिताला कळवली, दुरुस्त करवली आणि मग किल्ली फिरवली. ॲपलने २०१९ मध्ये मॅकचा शेल बॅशवरून झेडशेल केला, तेव्हा नव्या खात्यांना नवा शेल दिला आणि जुन्या माणसांचा जुनाच ठेवून फक्त एक सूचना दाखवली. तिन्ही ठिकाणी निर्णय एकच, पण माझ्या मते त्यांची नैतिक किंमत सारखी नाही.

काकांना मी हे सगळं सांगितलं. म्हणजे थोडं तरी सांगितलं. २०११ साली जगभरच्या माणसांनी मिळून ठरवलं की रात्रीच्या कामाला कोणता दुभाषा ठेवायचा. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माले कोनी इचारं?"

मला कोणी विचारलं. हा प्रश्न मला झोपू देईना.

डिफॉल्ट या शब्दाच्या मुळाशी फ्रेंचमधला कमी पडणं, नसणं असा अर्थ आहे. कोर्टात एक पक्ष तारखेला आलाच नाही तर निकाल एकतर्फी लागतो, त्याला इंग्रजीत डिफॉल्ट म्हणतात. हप्ता भरायला कर्जदार उगवला नाही, तेही डिफॉल्ट. तुम्ही काहीच सांगितलं नाही म्हणून मशीनने धरून चाललेली गोष्ट, तेही डिफॉल्टच. तिन्हीत कोणीतरी गैरहजर आहे. म्हणजे काकांचा आणि माझा शब्द एकच निघाला. फरक इतकाच की त्यांच्या डिफॉल्टमध्ये गैरहजर माणूस दोषी ठरतो, आणि आमच्या डिफॉल्टमध्ये त्याच्या वतीने कोणीतरी ठरवून मोकळं होतं.

'डिफॉल्टच तर आहे, नको असेल तर बदला' हे आमच्या धंद्यातलं आवडतं वाक्य. ते अर्धं खरं आहे. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी २००३ साली दाखवलं होतं की अवयवदानाला संमती असलेले लोक जर्मनीत १२ टक्के आणि शेजारच्या ऑस्ट्रियात जवळजवळ शंभर टक्के होते. जर्मनीत 'हो' म्हणून नाव नोंदवावं लागे, ऑस्ट्रियात 'नाही' म्हणून. कोरा फॉर्म कोणत्या बाजूला पडतो, एवढाच मोठा फरक. तुमच्या हातातला फोन बघा. त्याला मराठी येते. किती जणांनी सेटिंगमध्ये जाऊन केली? काहीच न करणं हाही निर्णय असतो, हे अमळनेरकराला तरी सांगावं लागू नये. १९४५ साली इथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तिची पुढे विप्रो झाली आणि ज्यांनी शेअर नुसते ट्रंकेत राहू दिले ते श्रीमंत झाले. (आमच्या घराण्यात विकून मोकळे झालेलेच निघाले, हे सोडा.)

पण सगळ्यांना विचारणं शक्य नाही, हेही खरं. डिफॉल्ट ठेवावाच लागतो. लाखो मशीनवर जाणारी गोष्ट निवडणारा माणूस दुकानादुकानांत जाऊन विचारू शकत नाही, आणि काकांना विचारलं असतं तरी ते काय सांगणार होते? मग विचारता न येणाऱ्याचं देणं फेडायचं कसं? माझ्या मते टेस्ट करून. टेस्ट म्हणजे गैरहजर माणसाला विचारण्याची आपल्याकडची एकमेव पद्धत.

इथे मला आमच्या गावातली एक वास्तू आठवते. प्रताप शेठजींनी १९१६ साली स्थापन केलेलं तत्त्वज्ञान मंदिर. शाळेत असताना क्लासला जाताना त्याच्यावरून सायकल जायची. आत अद्वैत वेदांतावर काम चालायचं, देशभरातून अभ्यासक येऊन राहायचे, हे मला कळलं इंजिनीअर झाल्यावर, म्हणजे फारच उशिरा. वेदान्ती ज्ञानाची सहा साधनं मानतात. त्यातलं सहावं अनुपलब्धी. एखादी गोष्ट नाही, हे आपल्याला कशाने कळतं? ती दिसत नाही यावरून. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही. नैयायिकांना हे वेगळं साधन म्हणून मान्य नाही, तो वाद मोठा आहे. पण वेदान्ती एक अट घालतात आणि मी तिच्यावर अडकलो. नुसतं न दिसणं पुरेसं नाही. ती वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. काळोख्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून घडा नाही असं ठरत नाही. याला योग्य अनुपलब्धी म्हणतात.

माझी टेस्ट काळोख्या खोलीतली होती. मला चूक दिसली नाही हे खरं, पण मी बघत होतो बॅशमध्ये, आणि ती चूक तिथे दिसणंच शक्य नव्हतं. 'टेस्ट केली, काही सापडलं नाही' हे वाक्य मी ऑफिसात वर्षाला शेकडो वेळा लिहितो. त्यातल्या किती वेळा मी दिवा लावला होता? डेबियनच्या माणसांना मान द्यावासा वाटतो तो याचसाठी. लोक तक्रार करत नाहीत म्हणून ठीक चाललंय असं ते समजले नाहीत. चूक असेल तर दिसेल अशी जागा तयार करून तिथे गेले. माझी स्क्रिप्ट त्यांच्या पॅकेजात नव्हती, तिच्यापुरती ती जागा मी तयार करायची होती. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत 'बॅशने चालव' एवढं लिहिलं असतं तरी पुरलं असतं. नियम तसाच आहे आणि कित्येक वर्षं लिहिलेला आहे.

हे लिहितानाही मला बोचतं की 'नियम लिहिलेला होता' हाच युक्तिवाद तहसीलच्या भिंतीवरची नोटीसही करते.

खात्याचं पुढे काय झालं? खताच्या पॉस मशीनमध्ये गोण्यांची नोंद होती, पण पैसे दिले की बाकी ठेवली हे त्या मशीनला ठाऊक नसतं. काही चिठ्ठ्या सापडल्या. बाकी काकांनी एकच पद्धत ठेवली. येईल त्याला विचारायचं, तुमच्याकडे किती निघतात, आणि तो सांगेल ते त्याच्यासमोर वहीत लिहायचं. सत्तरेक खाती अशी उभी राहिली. एक म्हातारे बाबा खिशातली डायरी घेऊन आले, त्यांचा आकडा काकांच्या आठवणीपेक्षा जास्त निघाला. काकांनी तोच लिहिला.

एक जण म्हणाला, मी पोळ्याआधीच सगळे दिले. काकांना तसं आठवत नव्हतं. त्यांनी शून्य लिहिलं. तो माणूस वीस वर्षं आमच्याकडून बियाणं नेत होता. आता तो दुकानावरून जातो, आत येत नाही. कदाचित काकांच्या चेहऱ्यावर त्याला काहीतरी दिसलं असेल. कदाचित त्याने खरोखरच पैसे दिले असतील. मला छळतं ते हेच. पैसे गेले असते तर मी भरून देऊ शकलो असतो, तसं म्हणालोही, काका हसले. पण तो माणूस खरा असेल तर ते सिद्ध करायचा त्याचा एकमेव कागद माझ्या बारा ओळींनी खाल्ला, आणि त्याला हे माहीतही नाही. मी त्याच्याकडे जाऊन सांगावं का, की चूक माझी, तुमच्यावर कोणाचा संशय नाही? संशय नाही हे मी काकांच्या वतीने कसं सांगू? पुन्हा गैरहजर माणसाच्या वतीने मीच ठरवणार. दोन महिने झाले, अजून गेलेलो नाही.

स्क्रिप्ट नव्याने लिहिली. या वेळी रात्री साडेआठला जशी चालते तशीच, डॅशमध्ये, कोणी समोर नसताना चालवून बघितली. शिवाय काका रोजची उधारी वहीतही लिहितात. आणि दर शनिवारी संध्याकाळी ते स्वतः डिस्कची वायर काढून ठेवतात, साडेआठ वाजायची वाट बघतात, आणि 'डिस्क जोडलेली नाही' ही ओळ आली की मला फोन करतात. "आज बोंबललं," एवढंच सांगतात, वायर परत लावतात आणि शटर ओढतात.