शिष्य कोणी करावा?

‘गुरू करणे’ हा प्रयोग मराठीला जितका परिचित आहे तितका ‘शिष्य करणे’ हा नाही. गुरू करायचा तो शिष्याने, योग्य वाटेल तेव्हा आणि स्वतःच्या जबाबदारीवर, असाच या भाषेचा संकेत आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी पुनरुत्थित येशू अकरा शिष्यांना जी आज्ञा देतो, आणि जिला ख्रिस्ती परंपरेत ‘महान आज्ञा’ म्हणतात, तिच्यात मात्र दिशा उलटी आहे: सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करायचे आहे, आणि करणारा बाहेरून येणारा आहे. सुवार्तिकाच्या, म्हणजे शुभवर्तमान सांगण्याचे काम पत्करणाऱ्याच्या, तयारीतली खरी कोंडी याच क्रियापदात आहे. ती मांडण्यासाठी येथे दोन व्यक्ती कल्पिल्या आहेत: धर्मशास्त्र विद्यालयात ग्रीक शिकवणारे एक वयस्क पाळक आणि कामावर निघण्याच्या बेतात असलेला एक उमेदवार.

उमेदवाराची सुरुवात व्याकरणापासून झाली. “सर, मूळ ग्रीकमध्ये आज्ञार्थी क्रियापद एकच आहे, शिष्य करण्याचे, जाणे, बाप्तिस्मा देणे आणि शिकवणे ही तिन्ही धातुसाधिते आहेत. असे असताना आपल्याकडे सगळी तयारी जाण्याची कशी होते? भाषा शिका, प्रदेश समजून घ्या, वर्गणी जमवा. शिष्य कशाला म्हणायचे याचा तास मात्र एकच.”

“तासांची तक्रार रास्त आहे,” पाळक म्हणाले, “पण व्याकरणावर इतका भार टाकू नकोस. आज्ञार्थाच्या आधी येणाऱ्या अशा धातुसाधितालाही आज्ञेचे वजन चढते. ‘जाऊन सांग’ म्हटल्यावर जाणे ऐच्छिक उरते का? खरी अडचण पुढच्या दोन धातुसाधितांची आहे. ‘बाप्तिस्मा देत’ आणि ‘शिकवत’ शिष्य करायचे, म्हणजे ही शिष्य करण्याची रीत आहे, की शिष्य झालेल्याला नंतर लागणारी गोष्ट?”

उमेदवाराने नारायण वामन टिळकांचा दाखला दिला. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेऊन अमेरिकन मराठी मिशनच्या कामात आयुष्याची वीस-बावीस वर्षे घालवल्यावर टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना जागा होती. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी आल्याचे सांगणाऱ्या या कवीला शिष्यत्व आणि मंडळीचे सभासदत्व या दोन गोष्टी निराळ्या दिसल्या, आणि त्या निराळ्या ठेवण्यात गैर काय, असा उमेदवाराचा प्रश्न होता.

“गैर नाही, स्वस्त आहे,” पाळक म्हणाले. “टिळकांनी स्वतः घर, नाती, जात यांची किंमत मोजून बाप्तिस्मा घेतला आणि मग इतरांना ती माफ केली. मोजलेल्याने माफ करणे हे औदार्य. पण न मोजणाऱ्याने तीच सवलत मागणे याला काय म्हणशील?”

“त्याचे उत्तर त्यांच्याच घरात आहे, सर. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 चा. ताटातुटीनंतर परत येऊन नवऱ्याच्या संसारात राहतानाही त्यांनी आधी चूल निराळी ठेवली, पिण्याचे पाणी निराळे ठेवले, आणि टिळकांनी ती घागर एकत्र करण्याची सक्ती केली नाही. सोवळे सुटले ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने, आणि बाप्तिस्मा त्याच्याही नंतर. त्या मधल्या काळात लक्ष्मीबाई कोण होत्या? मंडळीच्या वहीत तर नव्हत्या.”

यावर पाळक बराच वेळ गप्प राहिले, आणि नंतर त्यांनी वाद जिथे नेला तिथे तो खरे तर आधीच जायला हवा होता. घरातला नवरा थांबू शकतो, पण संस्था थांबू शकते का, हा त्यांचा मुद्दा होता. 1896-97 आणि 1899-1900 या दुष्काळांत अहमदनगरच्या मिशनने आणि केडगावात पंडिता रमाबाईंनी उपाशी मुलांना व स्त्रियांना आसरा दिला. तो न देणे पाप ठरले असते. पण ज्या हाताने भाकरी वाढली त्याच हाताने प्रार्थना शिकवली, तर शिकणाऱ्याचा होकार किती त्याचा स्वतःचा आणि किती भाकरीचा, हे वाढणाऱ्यालाही सांगता येत नाही.

“म्हणजे भाकरी देऊन गप्प बसायचे?” उमेदवाराने विचारले.

“गप्प बसलास तर आपल्याकडे सर्वांत मोलाचे आहे तेच भुकेल्यापासून लपवलेस. बोललास तर त्याच्या लाचारीचा फायदा घेतलास. दोन्हीकडून दोष लागतो.”

उमेदवाराने सर्वोच्च न्यायालयाच्या 1977 च्या निकालाची आठवण दिली. रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यातील या निकालानुसार राज्यघटनेच्या 25व्या अनुच्छेदातील धर्मप्रसाराच्या हक्कात स्वधर्माची तत्त्वे मांडून तो पसरवणे येते, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. मंडळ्यांना हा निकाल बोचत आला आहे. पाळकांनी मात्र त्यातले क्रियापद उचलले. “कायद्याने ‘करणे’ नाकारले आणि ‘सांगणे’ ठेवले. धर्मशास्त्राच्या नजरेने पाहिले तर यात रडण्यासारखे फार नाही, कारण त्याच मत्तयात, तेविसाव्या अध्यायात, शिष्यांनी स्वतःला गुरू म्हणवून घेऊ नये असे येशूने बजावले आहे. शिष्य करायचे, पण आपले नाही.”

हे उत्तर पळवाटेचे आहे, अशी शंका वाचकाला येईल, आणि ती उमेदवारालाही आली. दुष्काळातल्या भाकरीचा प्रश्न त्याने सुटत नाही. उमेदवाराने तो पुन्हा विचारला तेव्हा पाळकांनी एवढेच म्हटले की टिळकांनी दरबाराआधी पगार सोडला, याचा संबंध कदाचित याच्याशी असावा: आपला होकार सांगणाऱ्याच्या पोटाशी बांधलेला नाही, हे ऐकणाऱ्याला दिसावे म्हणून.

“पण दरबार चालला का, सर?”

“1919 च्या मे महिन्यात टिळक गेले. चालला असता की नाही, हे कळण्याइतका वेळच त्याला मिळाला नाही.” पाळकांनी ग्रीक नवा करार मिटला. “आता सांग, पहिल्या वर्षाच्या अहवालात शिष्यांच्या आकड्यापुढे काय लिहिशील?”

उमेदवाराने विचारले, रकाना रिकामा ठेवला तर चालतो का.