न बघवणारी गोष्ट

मुक्या प्राण्यांबद्दल हळहळण्याचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे. टीव्हीवर हरणामागे चित्ता लागला की डोळे मिटून 'अरेरे' मी म्हणतो. त्यामुळे अमेरिकेतला स्टीव्हन्स खटला वाचायला घेतला तेव्हा माझा निकाल पहिल्याच पानावर तयार होता.

हे गृहस्थ कुत्र्यांच्या झुंजींच्या फिती विकत. प्राण्यांच्या छळाचं चित्रण विकणं हा तिथे १९९९च्या कायद्याने गुन्हा. त्यांना ३७ महिन्यांची सजा झाली. आणि मायकेल व्हिक या फुटबॉलपटूला, प्रत्यक्ष झुंजींच्या धंद्याबद्दल, २००७ साली २३ महिने! म्हणजे कुत्री झुंजवणाऱ्यापेक्षा फीत विकणारा चौदा महिन्यांनी अधिक पापी.

२०१० साली सुप्रीम कोर्टाने, आठ विरुद्ध एक मतांनी, तो कायदाच रद्द केला. मी चिडलो. पण सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचं म्हणणं वाचता वाचता चहा गार झाला. चित्र जिथे विकाल तिथे ते कृत्य बेकायदा असलं की झाला गुन्हा. वॉशिंग्टन शहरात शिकारीला बंदी; म्हणून परराज्यात रीतसर परवाना काढून केलेल्या शिकारीचे फोटो छापणारं मासिक तिथे विकणाराही आरोपी! सरकार म्हणालं, आम्ही कायदा तारतम्याने वापरू. कोर्ट म्हणालं, तुमच्या शब्दावर घटनाबाह्य कायदा टिकत नाही. 'गंभीर मूल्य' असलेल्या चित्रणाला सूट होती म्हणे. ही कसोटी उद्या लेखांना लावली तर माझ्यासारख्याने जावं कुठे?

पटलं. मग एकट्या न्यायमूर्ती अलिटोंचं विरोधी मत वाचलं. तेही पटलं! (हा माझा जुनाच आजार.) लहान जिवांना पायाखाली चिरडण्याच्या फिती असतात. तिथे छळ होतो तोच मुळी फितीसाठी. विक्री थांबवा, छळ थांबेल. त्याच डिसेंबरात तेवढ्यापुरता बेताचा कायदा झाला. तसा प्रत्यक्ष छळ केंद्रीय गुन्हा ठरायला मात्र २०१९ उजाडलं.

हे सगळं मी गॅलरीत बसून हिला रंगवून सांगत होतो. इतक्यात खाली दोन कुत्री एकमेकांच्या नरड्याला लागली. कोपऱ्यावरच्या पोरांनी लगेच मोबाइल वर धरले.

"आता बघ हं," मी सरसावून म्हणालो, "या पोरांचं चित्रण म्हणजे अभिव्यक्ती म्हणायची, की..."

ही उठली. मोरीतली बादली आणून तिने सबंध खाली ओतली. कुत्री पांगली. एक मोबाइलही भिजला असावा, कारण खालून बरीच अभिव्यक्ती ऐकू आली.

"हं, मग त्या एकट्या न्यायमूर्तींचं काय?" हिने रिकामी बादली माझ्या हातात देत विचारलं. "सांगा, पण आधी ही भरून ठेवा."