बेडकाचा जीव आणि आपला हिशेब



एका वैद्याने प्रेषित मुहम्मद (स.) यांना औषधात बेडूक वापरण्याविषयी विचारले. आपण (स.) त्याला बेडूक मारण्यास मनाई केली. हजरत अब्दुर्रहमान बिन उस्मान (रजि.) यांच्याकडून आलेली ही हदीस सुनन अबू दाऊदमध्ये आहे. उपचारासारखे निकडीचे कारण असतानाही ज्या जिवाला अभय मिळाले, त्याच्याशी आज आपण कसे वागत आहोत?

पुण्यात येरवड्याजवळ मुळा-मुठा नदीच्या काठी झाडोऱ्याचा एक पट्टा अजून टिकून आहे. थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली (१८९६–१९८७) यांच्या नावाने तो पक्षी अभयारण्य म्हणून ओळखला जातो. तेथील पक्ष्यांसाठी लोक आवाज उठवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु चिखलातल्या बेडकाची चौकशी कोण करतो?

आपल्या भागात एक बेडूक आढळतो, लांबीने जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर. पाऊस पडला की साचलेल्या उथळ पाण्यात तो अंडी घालतो. अंड्यांतून निघालेल्या पिलांना पाय फुटेपर्यंत काही आठवडे ते पाणी टिकावे लागते. बेडकाची त्वचा इतकी नाजूक असते की तो तिच्यातूनही श्वास घेतो. पाण्यात मिसळलेले विष थेट त्याच्या अंगात भिनते. अशा जिवाच्या डबक्यावर आपण राडारोडा ओततो, अंगण काँक्रीटने बंद करतो, ओढ्यात साबणाचे आणि रसायनांचे पाणी सोडतो. वस्तीतल्या वडीलधाऱ्यांना विचारा, पूर्वी पावसाळ्याच्या रात्री कशा असत. आज जगातील उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत.

जमिनीवर चालणारे आणि पंखांनी उडणारे सर्व जीव तुमच्यासारख्याच उम्मती आहेत, असा सूरह अल्-अन्आमच्या ३८व्या आयतीचा आशय आहे. सूरह बनी इस्राईलची ४४वी आयत सांगते की, प्रत्येक वस्तू अल्लाहची तस्बीह करते. आपल्याला मात्र ती समजत नाही. म्हणजे ओढ्याकाठी जी शांतता पसरली आहे, ती एका उम्मतीची तस्बीह थांबल्याची शांतता आहे.

कोणी म्हणेल, “मी तर आयुष्यात एकही बेडूक मारलेला नाही.” येथे थोडे थांबून त्या स्त्रीची आठवण करा, जिला एका मांजरीमुळे शिक्षा झाली. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. तिने मांजरीवर शस्त्र चालवले नव्हते. तिने तिला कोंडले, खाऊ घातले नाही आणि स्वतःचे अन्न शोधायला मोकळेही सोडले नाही. जगण्याची वाट बंद करणे हीसुद्धा हत्याच ठरली. मग ज्याचे पाणी आपण बुजवले, त्याच्याविषयी आपण काय उत्तर देणार?

घर बांधणे गुन्हा नाही. गरजेपुरते घेण्याची मुभा अल्लाहनेच दिली आहे. गुन्हा आहे तो बेपर्वाईचा. म्हणून घराच्या दुरुस्तीचा राडारोडा नदीकाठी टाकू नका आणि ठेकेदारालाही टाकू देऊ नका. कुर्बानीचे अवशेष ओढ्यात सोडू नका. डासांसाठी टाक्या, डबे आणि टायरमधले पाणी जरूर काढा, पण नदीकाठच्या डबक्यात तेल ओतू नका. बेडूक स्वतः कीटक खाणारा जीव आहे. मशिदीच्या आवारात, कब्रस्तानच्या कडेला मातीचा एखादा कोपरा उघडा राहू द्या. आणि मुले बेडकाला दगड मारताना दिसली, तर त्यांना जवळ बसवून त्या वैद्याची हदीस सांगा.

पृथ्वी आपली मालमत्ता नाही, अमानत आहे. अमानतीचा हिशेब द्यावा लागतो, आणि त्या हिशेबात कणभर भलाई किंवा कणभर वाईटही सुटणार नाही.

हे अल्लाह! ज्यांचा आवाज आम्ही ऐकला नाही, त्या तुझ्या निर्मितीवर आमच्याकडून झालेल्या जुलमाची आम्हाला क्षमा कर आणि उरलेल्यांचे रक्षण करण्याची सद्बुद्धी दे. आमीन.