चाक देणारे

वीस वर्षांचा सायकलपटू युरोपभर शर्यती करत फिरतो तेव्हा त्याला युरोप कितीसा दिसतो? फ्लँडर्सची सपाट शेते, द्राक्षमळे, आल्प्सचे घाट या सगळ्यांतून तो जातो; पण त्याची नजर खिळलेली असते ती पुढच्या गड्याच्या मागच्या चाकावर. ते चाक त्याच्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर असते आणि वेग असतो ताशी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. मान वर करून डोंगर पाहायचा मोह झाला तर हाड मोडते, आणि त्याच्याबरोबर मागच्या दहाजणांचेही. इतका प्रवास करून इतके कमी पाहणारा प्रवासी दुसरा नसेल. तरीही रस्ता त्याच्याइतका कुणालाच कळत नाही, असे मला वाटते. चढाची टक्केवारी त्याला मांड्यांत कळते, डांबराचा पोत मनगटात कळतो आणि वाऱ्याची दिशा कानाच्या पाळीवर.

बेल्जियममध्ये गावच्या जत्रेला सायकल शर्यत असते. आपल्याकडे जत्रेत कुस्तीचा फड लागतो, तशी. गावातल्या कॅफेत नाव नोंदवायचे, पाठीवर नंबर लावायचा आणि त्याच गावाभोवतीच्या अरुंद रस्त्यांवर फेऱ्यांवर फेऱ्या मारायच्या. ऑस्ट्रेलिया, अमेरिका, ब्रिटन इथून आलेली पोरे गेंट शहराच्या आसपास चार-सहाजणांत एखादे घर भाड्याने घेतात आणि या शर्यतींत तयार होतात. त्यांचा दिवस फार साधा असतो. खाणे, सायकल, पुन्हा खाणे, झोप. पावसात भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, बादलीभर पाण्याने साखळी आणि चाके धुवायची, भात वजनकाट्यावर मोजून खायचा. घरून फोन आला तर सांगण्यासारखे फारसे काही नसते. टॉम सिम्पसन 1959 साली इंग्लंडहून फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या सँ-ब्रिए या गावी गेला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. जवळ शंभर पौंड आणि दोन सायकली. सहा वर्षांनी तो जगज्जेता झाला आणि 1967 साली टूर द फ्रान्समध्ये माँ व्हाँतूच्या चढावर, रणरणत्या उन्हात, अँफेटामिनने थकवा दाबलेल्या अवस्थेत कोसळून मेला. रस्ता काय देतो आणि काय मागतो, याचा हिशेब मांडायला बसले की हे नाव टाळता येत नाही.

या खेळाचा खरा स्वामी मात्र वारा आहे. सपाट रस्त्यावर सायकलपटूची बहुतेक ताकद हवा कापण्यातच खर्च होते. पुढच्याच्या आडोशाला चिकटून राहिले तर सुमारे एक तृतीयांश कष्ट वाचतात. मोठ्या जथ्याच्या पोटात शिरले तर त्याहूनही पुष्कळ. वारा बाजूने आला की जथा तिरका पसरतो. रस्त्याच्या रुंदीत मावतील तेवढ्यांनाच आडोसा मिळतो, उरलेले गटाराच्या कडेला रांगेत फरफटत जातात आणि एकेक करून तुटतात. या एका भौतिक नियमातून या खेळाची सारी समाजरचना उभी राहिली आहे. कुणीतरी वारा अंगावर घ्यायचा आणि कुणीतरी त्याच्या मागे शक्ती राखून ठेवायची. वारा कुणी घ्यायचा, हे बहुधा वयावर आणि पगारावर ठरते. नवा आलेला तरुण संघाच्या गाडीपर्यंत मागे जातो, जर्सीत पाठीवर पाण्याच्या बाटल्या कोंबतो, पुन्हा जोर मारून जथा गाठतो आणि त्या वाटतो. नायकाचे चाक बिघडले तर आपले काढून देतो. शेवटच्या दहा किलोमीटरांत, जेव्हा दूरचित्रवाणीवर लोक नीट पाहू लागतात, तेव्हा त्याचे काम संपलेले असते आणि तो मागे, चित्राबाहेर गेलेला असतो.

रने व्हिएतो हा फ्रान्समधल्या कान शहराजवळच्या वस्तीतला मुलगा. हॉटेलात लिफ्टवर पोऱ्या म्हणून काम केलेला. 1934 साली, विसाव्या वर्षी, त्याने पहिल्यांदा टूर द फ्रान्समध्ये भाग घेतला आणि आल्प्समध्ये टप्पे जिंकत सुटला. फ्रेंच संघाचा नायक आँतोनँ मान्य पिवळ्या जर्सीत, म्हणजे एकूण क्रमवारीत सर्वांत पुढे होता. पिरेनीजमध्ये प्वीमोरँस घाटाच्या उतारावर मान्यचे चाक गेले. व्हिएतोने आपले पुढचे चाक काढून त्याला दिले आणि मदतीच्या गाडीची वाट पाहत दगडी कठड्यावर बसला. त्या क्षणाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे: शेजारी लंगडी सायकल, आणि रडणारा पोर. दुसऱ्या दिवशी मान्य पुन्हा अडचणीत आला. तेव्हा पुढे निघून गेलेला व्हिएतो घाटात उलटा वळला आणि त्याच्या मदतीसाठी चढ चढून मागे आला. मान्य ती शर्यत जिंकला. व्हिएतोने चार टप्पे आणि घाटांचे बक्षीस जिंकले, एकूण क्रमवारीत तो पाचवा आला. पुढे 1939 साली तो दुसरा आला. 1947 साली बरेच दिवस पिवळी जर्सी त्याच्या अंगावर होती, ती शेवटी शेवटी 139 किलोमीटरच्या एकट्याने धावायच्या टप्प्यात गेली. टूर त्याने कधीच जिंकली नाही.

आपल्याकडे रथाचे चाक रुतलेला वीर घराघरांत ठाऊक आहे. चाक काढून देणाऱ्याची कथा आपल्या महाकाव्यात नाही.

व्हिएतोच्या त्या रडण्याला लोकांनी त्यागाचे तेज दिले. मला ते पूर्ण पटत नाही. विसाव्या वर्षी आपली ताकद किती आहे हे पहिल्यांदाच कळलेले असताना ती दुसऱ्याच्या नावे लिहून द्यावी लागली, याचे ते रडणे आहे. त्यात कर्तव्य आहे आणि अन्यायही आहे. दोन्ही एकाच कठड्यावर बसले आहेत. 1940 साली इटलीच्या मोठ्या शर्यतीत, जिरो द'इतालियात, याच वयाचा, याच कामासाठी घेतलेला एक मुलगा होता: फाउस्तो कोप्पी. त्याने जिनो बार्ताली या नायकाची सेवा करायची होती. बार्ताली सुरुवातीलाच पडला, मागे राहिला, आणि कोप्पीला मोकळीक मिळाली. विसाव्या वर्षी तो जिरो जिंकला. 9 जूनला शर्यत संपली, 10 जूनला इटली युद्धात उतरली. कोप्पी आणि व्हिएतो यांच्या गुणांत फरक असेलच. पण नायक कुठे पडला, कुणाचे चाक कुठल्या वळणावर गेले, हा फरक त्याहून लहान नव्हता. रोलाँ बार्त या फ्रेंच विचारवंताने टूरला महाकाव्य म्हटले आणि त्यातल्या नावांवर मोठ्या मौजेने लिहिले. मला तर हे महाकाव्य गाळलेल्या नावांचे वाटते. विजेत्याचे नाव छापले जाते, आणि त्याच्यापुढे राहून वारा खाल्लेले सात-आठजण त्या एका नावात विरघळून जातात.

म्हणूनच इरिट्रियाच्या बिनियाम गिरमायचा एक निर्णय मला फार मोलाचा वाटतो. अस्माराच्या या मुलाने मार्च 2022 मध्ये, एकवीस वर्षांचा असताना, गेंट-वेव्हेलगेम ही बेल्जियममधली मोठी शर्यत जिंकली. दगडी फरसबंदीच्या रस्त्यांवरची अशी शर्यत जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी. पुढच्याच रविवारी त्याहून मोठी टूर ऑफ फ्लँडर्स होती आणि सगळ्यांना तो तिथे हवा होता. पण त्याला पत्नी आणि लहान मुलगी यांना भेटून तीन महिने झाले होते; ठरल्याप्रमाणे तो घरी गेला. दोन वर्षांनी त्याने टूर द फ्रान्सचे तीन टप्पे आणि गुणांच्या क्रमवारीची हिरवी जर्सी जिंकली. एका शर्यतीला नाही म्हटल्याने त्याचे काही अडले नाही. इतक्या लहान वयात रस्त्याला नाही म्हणता येणे हीसुद्धा ताकदच, आणि प्रशिक्षकांनी ती शिकवायला हवी.

मिकेले स्कार्पोनी तरुण नव्हता, पण चाक देणाऱ्यांच्या परंपरेतला होता. 2016 च्या जिरोमध्ये कोल्ले देल्ल'अन्येल्लो हा घाट तो सर्वांत पुढे, एकट्याने चढून गेला; टप्पा जिंकण्याची संधी समोर होती. तो थांबला, मागून येणाऱ्या आपल्या संघनायकासाठी, व्हिन्चेंझो निबालीसाठी. निबालीने तो टप्पा जिंकला आणि अखेर जिरोही. पुढच्या वर्षी 22 एप्रिलच्या सकाळी स्कार्पोनी आपल्या गावात, फिलोत्रानोत, सरावाला निघाला होता. एका व्हॅनची धडक बसून तो गेला. शर्यतीचा रस्ता पोलीस बंद करतात. सरावाचा रस्ता कुणीच बंद करत नाही, आणि सायकलपटूच्या आयुष्यातले बहुतेक किलोमीटर त्याच रस्त्यावरचे असतात.

आपल्याकडेही मुंबई-पुणे शर्यतीतला ‘घाटाचा राजा’ हा किताब डोळ्यांपुढे ठेवून कित्येक मुलेमुली पहाटेच्या अंधारात महामार्गाच्या कडेने सराव करतात. स्पेनमध्ये सायकलस्वाराला ओलांडताना गाडीने किमान दीड मीटर अंतर ठेवण्याचा कायदा आहे. फ्रान्समध्ये गावाबाहेरच्या रस्त्यांवर तोच नियम आहे. आपल्या रस्त्यांवर हे अंतर आपल्या हातातल्या स्टिअरिंगवर अवलंबून आहे. पहाटे गाडी चालवताना पुढे एखादा लाल दिवा लुकलुकताना दिसला तर हॉर्न वाजवू नका, वेग कमी करा, आणि दीड मीटर जागा सोडून पुढे जा.