वेषाचा नियम कोणासाठी?

अमेरिकेत मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे आहेत. १९९३ पर्यंत तेथील पन्नासही राज्यांत अशा शिक्षणास कायद्याने मोकळीक मिळाली होती. ही कुटुंबे आठवड्यातून एखादा दिवस एकत्र जमतात, आणि तेथे वर्तनाचे व वेषाचे नियम असतात.

अशी एक नियमावली माझ्या वाचनात आली. मुलग्यांसाठी दोन ओळी. मुलींसाठी मात्र खांदा, गळा, गुडघा असे सविस्तर मोजमाप! आधाराला तीमथ्याला पहिले पत्र २:९.

भाषांतर करताना या वचनाने मला बराच काळ अडवून ठेवले होते. तेथील ‘कॉस्मिऑस’ या ग्रीक विशेषणाचा अर्थ सुव्यवस्थित, शोभेलसा. पुढे पौल नावे घेतो ती गुंफलेले केस, सोने, मोती आणि मोलवान वस्त्रे यांची. म्हणजे त्याला खुपते ते मुख्यत्वे श्रीमंतीचे प्रदर्शन. शिवाय हेच विशेषण पुढल्याच अध्यायात, ३:२ मध्ये, अध्यक्षाला लावलेले आहे. भाषांतरात दोन ठिकाणी दोन शब्द योजले, की हे नाते वाचकाच्या नजरेतून निसटते. (हा दोष आम्हा भाषांतरकारांचा.)

नियम नकोत असे मी म्हणत नाही. पंधरा-वीस मुले एका खोलीत बसली की शिस्त हवीच. परंतु आपल्या मंडळीत तरुणांसाठी अशी यादी करण्याचा प्रसंग आला, तर तिच्यावर ३:२ हेही वचन लिहा, आणि पहिली सही वडीलमंडळींची घ्या, मुलांच्या समक्ष. मुलीच्या ओढणीविषयी बोलणाऱ्याच्या मनगटावरचे घड्याळ किती किमतीचे आहे, हे मुलांना ठाऊक असते.