किती जण वापरतात?



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक २०. जनकाचा दाखला देऊन भगवंत अर्जुनाला सांगतात की निदान लोकसंग्रहाकडे बघून तरी कर्म कर. हा श्लोक मी बरेचदा वाचलाय. पण यातले 'लोक' म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न मला परवा एका रानफुलामुळे पडला.

हे फूल दक्षिण फ्रान्समधलं. नार्बोन शहराजवळ, भूमध्य समुद्राच्या काठाला 'ला क्लाप' नावाचा चुनखडीचा डोंगराळ भाग आहे. कोरडा, वाऱ्याचा, आजूबाजूला द्राक्षमळे. तिथल्या कड्यांच्या भेगांमध्ये सेंटॉरिया कॉरिम्बोसा नावाची वनस्पती उगवते. आपल्या माळावरच्या उंटकटारीची ही लांबची बहीण म्हणा ना. जगात ती फक्त इथेच सापडते. ३ चौरस किलोमीटरच्या आत तिचे जेमतेम ६ समूह आहेत आणि एका वर्षी फुलणारी झाडं सगळी मिळून ५०० सुद्धा भरत नाहीत.

तिची गंमत, किंवा शोकांतिका, अशी. काही वर्षं ती नुसत्या पानांच्या रूपात जमिनीलगत राहते. मग एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. स्वतःचा पराग स्वतःला चालत नाही, जवळ दुसरं झाड त्याच वेळी फुललेलं लागतं. बी पडतं ते आईच्या पायाशीच. त्यामुळे एखादं बी चुकून दूरच्या कड्यावर पोचलंच, तर ते रोप वाढेल, एकटंच फुलेल आणि काही मागे न ठेवता संपेल.

शेजारचे कडे रिकामे का, तिथली माती वाईट आहे म्हणून की तिथे बी पोचलंच नाही म्हणून? हे बघायला १९९० च्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञांनी तिथे बिया पेरल्या. रोपं आली, जगली. म्हणजे जागा चांगलीच होती.

हे वाचल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न काय आला असेल? "पण याचा उपयोग काय?"

लाज वाटली, कारण हा माझा ऑफिसातला प्रश्न आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. जुनं फीचर बंद करायचं की ठेवायचं, हे ठरवताना मी एकच विचारतो: किती जण वापरतात? गेल्या महिन्यात असंच एक फीचर मी बंद करायला सांगितलं. आकडा फार छोटा होता. निर्णय हिशेबाने बरोबरच होता. पण त्या छोट्या आकड्यात कोण होतं, हे मी बघितलंसुद्धा नाही.

आता त्या फुलाकडे परत येऊ. ते का वाचवायचं? "उद्या त्यातून औषध निघेल" हे नेहमीचं उत्तर. पण ती फळाची आशाच झाली. औषध नाही निघालं तर सोडून द्यायचं का? दुसरं उत्तर, "माणसाने बिघडवलं, माणसाने भरून द्यावं." पण हे फूल मुळात दुर्मिळ आहे ते बरंचसं स्वतःच्या स्वभावामुळे. मग तर कोणी असंही म्हणेल की त्याचा स्वभावच त्याला संपवतोय, तर आपण मध्ये का पडायचं?

यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. पण मला एवढं कळतं की 'लोक' या शब्दाचा अर्थ मी 'माझे युजर' इतका छोटा करून टाकलाय. लोकसंग्रह म्हणजे हे जग एकत्र धरून ठेवणं. त्यात जे मला काहीच देत नाही, तेही येतं. शास्त्राला त्या प्रयोगातून ज्ञान मिळालं, हे खरंच. पण पेरलेली रोपं फुलायला वर्षं लागणार, आणि तिथे जोडीदार झाडं कमी असल्यामुळे बी कमी धरणार. हे सगळं असूनही कड्यावर जाऊन बी ठेवायचं, आणि दरवर्षी परत जाऊन रोपं मोजायची. निष्काम कर्माचं याहून साधं चित्र मला सुचत नाही.

सगळंच वाचवता येत नाही, हेही मान्य. ते फीचर बंद झालं, मी ते परत आणलं नाही. पण या आठवड्यात त्या उरलेल्या लोकांची यादी काढली. त्यांना आपला डेटा सहज काढून नेता येईल असा छोटा प्रोग्राम लिहिला आणि प्रत्येकाला मेल केली. दोन संध्याकाळी गेल्या. कुणाचं उत्तर आलेलं नाही. ते यावं असं वाटत होतं, हे कबूल करतो 🙂

आजचा अभ्यास: ज्याचा आपल्याला काहीही उपयोग नाही, अशा एकासाठी आज एक छोटं काम करून बघा. आणि मग मोबाईल तपासू नका.

राम कृष्ण हरी 🌿