होडेचा ससा

म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’त पारध्यांची एक लीळा आहे. चक्रधरस्वामी झाडाखाली बसलेले असताना कुत्र्यांनी पिटाळलेला ससा धावत येतो आणि त्यांच्या मांडीखाली शिरतो. कुत्री थबकतात. मागून आलेले पारधी ससा सोडण्याची विनवणी करतात. हा साधा ससा नाही, होडेचा आहे, असे त्यांचे म्हणणे. त्याच्यावर पैज लागलेली आहे आणि तिच्यापायी सुऱ्या निघण्याची पाळी आली आहे. स्वामी ससा देत नाहीत. शरण आलेल्याला मरण नाही, एवढ्या एका तत्त्वावर ते ठाम राहतात.

या लीळेत अहिंसेचा उपदेश शोधला जातो आणि तो तिथे आहेही. पण सगळा प्रश्न ‘होड’ या एका शब्दात आहे. घरी चूल पेटायची आहे, पोरे उपाशी आहेत, असे पारधी म्हणत नाहीत. भुकेचा युक्तिवाद असता तर उत्तर देणे अवघड गेले असते. इथे जीव जातो तो दोन माणसांत कोण सरस हे ठरावे म्हणून, आणि त्या भांडणाशी सशाचा काही संबंध नाही.

इंग्लंडात हाच खेळ पुढे प्रतिष्ठित झाला. आल्टकारच्या माळावर 1836 पासून ‘वॉटर्लू कप’साठी ग्रेहाउंड कुत्र्यांची जोडी जिवंत सशामागे सोडली जाई. 2004 च्या कायद्याने तो प्रकार बंद केला. त्याच्या कितीतरी आधी, 1919 मध्ये, कॅलिफोर्नियातील एमरीव्हिल येथे ओवेन पॅट्रिक स्मिथ यांनी यांत्रिक सशामागे कुत्री पळवणारे मैदान सुरू केले. 24 जुलै 1926 रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानात ब्रिटनमधील तशी पहिली शर्यत झाली. लंडनच्या व्हाइट सिटीसारख्या मैदानांवर हजारोंची गर्दी होऊ लागली. यंत्राने ससा सोडवला, होड मात्र शाबूत राहिली आणि तिचे सगळे ओझे कुत्र्यावर आले.

या मैदानांच्या आठवणी वस्तूंच्या रूपाने जपल्या जातात: शर्यतींच्या छापील पत्रिका, कुत्र्यांच्या अंगावरची क्रमांकांची जाकिटे, चषक. 1929 आणि 1930 साली इंग्लिश डर्बी जिंकणारा ‘मिक द मिलर’ तर स्वतःच वस्तू झाला. पेंढा भरलेले त्याचे शरीर ट्रिंगच्या निसर्ग संग्रहालयात काचेआड उभे आहे. अशा जपणुकीत प्रेम नाही असे म्हणता येणार नाही. मात्र ते प्रेम जिंकणाऱ्याच्या वाट्याला येते. जी हजारो कुत्री हरली, त्यांची जाकिटे कोणी जपली नाहीत.

आपल्याकडे, परभणी जिल्ह्यात, कुत्र्यांच्या शर्यतीचे मैदान नाही. दख्खनच्या कारवानी कुत्र्याची जात सशामागे धावण्यासाठीच घडली, पण वन्यजीवांच्या 1972 च्या कायद्याने ससा संरक्षित आहे. या मुलखातली होड बैलावर लागते. मराठवाडा आणि विदर्भात तिला शंकरपट म्हणतात. हलक्या गाडीला जुंपलेली जोडी सरळ पट्टीवर सुटते, धुरकरी तिला हाकतो आणि निकाल सेकंदांच्या अंशांवर लागतो. जिंकलेल्या जोडीवर गुलाल पडतो. ढाल, चषक आणि जोडीचा फोटो घराच्या दर्शनी भिंतीवर जातो. नावात महादेव आहे आणि बैल हे त्याचे वाहन, त्यामुळे पटाला धर्माचे पाठबळ आपोआप मिळते. श्रावण अमावस्येच्या पोळ्याला हाच बैल घरचा पाहुणा असतो. आदल्या दिवशी त्याची खांदमळणी होते, दुसऱ्या दिवशी शिंगे रंगवून, झूल घालून त्याला पुरणपोळीचा घास देतात.

पूजा आणि पराणी एकाच हातात असतात. हे ढोंग आहे, असा शेरा शहरातून सहज मारला जातो, पण तो उथळ आहे. शेतकऱ्याची माया खरी असते. खरी अडचण वेगळी आहे. सशाला पैजेबाहेरचा एक माणूस सापडला, म्हणून शरण जाता आले. बैलाचा आसरा आणि त्याच्यावर होड लावणारा एकच. त्याने कोणाच्या मांडीखाली शिरायचे?

या प्रश्नाची उत्तरे याच परिसराच्या परंपरेत आहेत. जिंतूरजवळच्या नेमगिरीवर जैन लेणी आहेत. तिथे पुजले जाणारे नेमिनाथ लग्नाच्या वरातीतून परत फिरले, कारण मेजवानीसाठी कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश त्यांच्या कानी पडला, अशी कथा आहे. गंगाखेडच्या जनाबाई ज्यांच्या घरी राहिल्या, त्या नामदेवांची नरसी 1 मे 1999 ला हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होती. नामदेवांची कथा घरोघरी माहीत आहे: कुत्र्याने भाकरी पळवली आणि कोरडी खाऊ नकोस म्हणत ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. तिथेही धाव आहे, चुरसही आहे, पण कुत्र्याचा धावण्यात तोटा नाही. नेमिनाथांनी वरात सोडली, नामदेव स्वतः पळाले. दोघांनीही झीज आपल्या अंगावर घेतली. पटात ती बैलाच्या अंगावर पडते, आणि धर्माचे नाव घेऊन हा फरक बुजवता येत नाही.

न्यायालयांनी हा प्रश्न दोन तऱ्हांनी हाताळला. 7 मे 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. बैलाची शरीररचना शर्यतीची नाही आणि त्यालाही प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क आहे, अशी त्यामागची भूमिका होती. राज्याने 2017 मध्ये कायदा दुरुस्त केला, 16 डिसेंबर 2021 ला शर्यतींना सशर्त मुभा मिळाली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. समानतेचा मूलभूत हक्क प्राण्याला व्यक्ती म्हणून मागता येत नाही, असेही पीठाने म्हटले. बैलाचा हक्क बाजूला पडला आणि माणसाचे कर्तव्य तेवढे उरले.

ते कर्तव्य आता नियमांत लिहिलेले आहे. शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, धावपट्टी 1000 मीटरपेक्षा लांब चालत नाही, काठी-चाबकाला मनाई आहे आणि क्रौर्य झाल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बैल पळण्यास योग्य आहे असा पशुवैद्यकाचा दाखलाही घ्यावा लागतो. त्याला पळायचे आहे का, हा रकाना त्या दाखल्यात नाही.